रात्रीचं जेवण

साडेपाचला सूप यायचं.
जूनमध्ये आवेरोत साडेपाचला ऊन कसं असतं
ते एकदा बघायला हवं तुम्ही.
खाडीवरून सरळ टेबलावर येतं, चमच्यात बसतं,
आणि आम्ही एकतीस म्हातारे
त्याला रात्रीचं जेवण म्हणायचो.

सहाला पाळी सुटते, संचालिकाबाई सांगायच्या.
त्यांचंही खोटं नव्हतं. दोन बायका, एकतीस ताटं,
त्यात सहाजणांना भरवायचं.

मग पडदे ओढायचे, आणि सकाळपर्यंत चौदा तास.
छताला एकशे बारा फळ्या आहेत, एक कुजलेली.

मी मिठागरातली. डोक्यावर टोपली, पोटऱ्यांवर चिखल,
लग्नाच्या दिवशीही नखांत पांढरं होतं.
इथे चार वर्षं अळणी.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
अळणी खाऊन मी रात्रभर
कशाला जागत होते?

सुरुवात भाषणाने वगैरे झाली नाही.
ग्वाल्तेर, बस चालवायचा पूर्वी,
बहिणीसाठी तळलेला मासा घेऊन सातला आला.
बहीण झोपलेली.
मासा मांडीवर घेऊन तो व्हरांड्यात बसून राहिला,
कागद तेलाने आरपार होईतो.
दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन म्हणाला,
आठला येऊन भांडी घासली तर?
एकटेच? बाईंनी विचारलं.
तो गेला, आणि मासेवाली, औषधवाल्याची बायको
आणि नौकाशाळेतली दोन पोरं घेऊन परत आला.

भिंतीवर तक्ता लागला. पेन्सिलीने,
कारण माणसं आजारी पडतात, विसरतात, रुसतात.
झुल्मीरा म्हणाली, आमचीही नावं घाला,
मी कुणाकडून फुकट वाढून घेणार नाही.
म्हणून शेंगा तिच्याकडे.
फाउस्तोला दिसत नाही, तो रुमालांच्या घड्या घालतो,
कडा इतक्या जुळवून, की उलगडायला जीव होत नाही.
मीठ माझ्याकडे.
डॉक्टरांनी ग्रॅम लिहून दिलेत.
मी चिमटीने घालते. चिमटी माझी शाळा शिकलेली आहे.

पहिल्या रात्री साडेआठला बसलो.
खिडक्या काळ्या, आणि त्यांत आम्ही,
एकतीसचे बासष्ट.
कुणीतरी तोंडात घास असताना बोललं.
फुटबॉलवरून भांडण झालं, चांगलं कडाक्याचं,
एक काटा खाली पडला.
किती दिवसांनी!

फक्त आदेरितु दिसेना.
तो पाववाला. पन्नास वर्षं सहाला झोपला, दोनला उठला.
साडेपाचला वॉकर ढकलत आला होता,
रिकाम्या टेबलाशी हात धुऊन उभा.
एकमताने ठरलं होतं, म्हणे.
एकमत मोजलं तेव्हा तो झोपलेला होता.

आम्हाला लाज वाटली. पण आठची वेळही सोडवेना.
तेव्हा पोरांतला धाकटा, तोमे, म्हणाला,
शाळा सुटल्यावर मला भूक लागतेच.
आता तो सायकल दाराशी टाकून
आदेरितुसमोर बसतो. फार बोलत नाहीत दोघं.
पोरगा तीन वाट्या सूप पितो.

आणि दोनला?
रात्रपाळीची इव्होने, केप व्हर्देची, हाडाने मोठी,
तिने नियम मोडून एकदा स्वयंपाकघर उघडलं.
आदेरितुचा उजवा हात गेलेला आहे, पक्षाघातात.
डावा त्याचा, उजवा तिचा,
पीठ दोघांचं. तो तिला शिव्या घालतो म्हणे,
पाणी जास्त झालं की.
पाचला वास कॉरिडॉरभर.
संचालिकाबाई लवकर आल्या, दारात थांबल्या,
म्हणाल्या, विम्याचं काय?
आणि दुसरा तुकडा घेतला.

सगळं जमलंय असं नाही.
औषधवाल्याची बायको पोर्तोला लेकीकडे गेली.
तेव्हापासून गुरुवार रिकामा.
गुरुवारी साडेपाचलाच सूप येतं,
ऊन चमच्यात बसतं, आम्ही गप्प पितो,
आदेरितु तेवढा खुशीत असतो.

तक्ता दारातून शिरल्यावर डाव्या हाताला आहे.
पेन्सिल दोऱ्याला बांधून ठेवली आहे.